अतिथी आणि आडनाव

भिवंडीतल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही दिवसांच्या बोलीवर भाड्याने द्यायचे ठरवले, तेव्हा 'किती घ्यायचे' यापेक्षा 'कोणाला द्यायचे' हाच प्रश्न मोठा झाला. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही दोघेही वर्गात सांगत आलो. आमचा पाहुणा मात्र तिथी ठरवूनच येणार, पैसेही आगाऊ भरणार. मग त्याची पारख कशावरून करायची?

'आडनाव विचारा, सगळे कळते,' असे शेजारच्या काकांनी सुचवले. या शहराने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. त्यातल्या 'सगळे'चा अर्थ इथे कोणाला फोडून सांगावा लागत नाही. (पटेल, चौधरी, देशमुख ही आडनावे दोन्ही धर्मांत सापडतात, हे काकांना कोणी सांगावे?) आणि ज्या यंत्रमागांवर भिवंडी उभी राहिली, त्यांवर राबणारे कित्येक हात उत्तरेकडून भाड्याच्या खोल्या शोधतच इथे आले.

आम्ही विचारतो ते एवढेच : माणसे किती, रात्री किती, काम कोणते. ओळखपत्राची प्रत ठेवतो, ती सर्वांचीच.

मागच्या महिन्यात पूर्ण्याच्या एका गोदामात कामासाठी येणाऱ्या तरुणाचा फोन आला. आम्ही न विचारताच त्याने आपले संपूर्ण नाव सांगितले आणि तो थांबला. मग हळूच म्हणाला, 'चालेल ना?' त्या थांबण्यात आधीचे किती नकार साठलेले असावेत! आम्ही त्याला सांगितले, फाटक फार करकरते, तेव्हा रात्री अकराच्या आत या.