सातव्या प्रकरणातील पाऊस

॥ श्री ॥

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद उपरी विशेष.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित पोहोचले, आणि आलेल्या ग्रंथाची पोच तो वाचण्यापूर्वीच देऊन मोकळे होण्याची जी सभ्य रीत आम्हा लेखकमंडळींत रूढ आहे तिचा मोह टाळून, मी ते अथपासून इतिपर्यंत वाचल्यावरच लेखणी हाती घेतली आहे. कथानक बांधेसूद आहे, आणि संवाद वाचताना आईचे कान तुला लाभले असल्याची खात्री पटते. तेव्हा त्यांविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते पावसाविषयी लिहिण्याचे. तुझी नायिका माणदेशातल्या कोरडवाहू गावची. नवरा तिला माहेरी टाकून परत फिरतो तो महिना तू मार्गशीर्ष सांगतोस. आणि तिच्या डोळ्यांना धार लागताक्षणी आभाळही फुटते व तीन दिवस कोसळत राहते. अरे, तू मामलेदार कचेरीतला कारकून! आवारातल्या पर्जन्यमापकाचे आकडे वहीत चढवणे हे तुझे नित्यकर्म. त्या मुलखात त्या महिन्यात असा पाऊस लागला तर उभ्या शाळूचे काय होईल, आणेवारीचा अंदाज कसा फिरेल आणि सारासुटीचे किती अर्ज तुझ्या मेजावर येऊन पडतील, हे तुला माझ्याहून अधिक ठाऊक. पण कादंबरीतल्या पावसाने एकाही शेतकऱ्याचे ना भले केले, ना वाटोळे. पैसे देऊन आणलेल्या रडणाऱ्या बायकांप्रमाणे तो आला, रडला, आणि प्रकरण संपताच चालता झाला.

ही खोड तुझ्या एकट्याची नव्हे. कॉलेजात इंग्रजी कादंबऱ्या वाचून आपण जे संस्कार घेऊन आलो त्यांत पाऊस म्हणजे औदासीन्य हे एक समीकरण होते, आणि ते आपण चौकशी न करता इकडे दाखल करून घेतले. डिकन्सने ‘ब्लीक हाउस’ या 1852-53 मधील कादंबरीच्या आरंभी नोव्हेंबरचे धुके लंडनभर पसरवले आणि ते चान्सरी न्यायालयापाशी सर्वांत दाट केले, त्यात कृत्रिम काही नाही. कारण ते धुके त्या शहराच्या नित्याच्या हवेतलेच होते आणि त्या न्यायालयाच्या कारभारावर त्याहून नेमका शेरा दुसरा नव्हता. परंतु ज्या देशात मृग कोरडा गेला की माणसांची तोंडे उतरतात त्या देशातल्या लेखकाने ढग दाटून येताच पात्रांना उदास करावे, याला निरीक्षण म्हणत नाहीत.

रस्किनने 1856 साली ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात या प्रवृत्तीची झडती घेतली, हे तुला ठाऊक असेलच. लाटांच्या फेसाला क्रूर म्हणणारे मन शोकाने भ्रमले आहे, फेस क्रूर नसतो, असा त्याचा सडेतोड मुद्दा. आणि तो भ्रम खऱ्या भावनेतून उपजला असेल तर क्षम्य, परंतु श्रेष्ठ कवी त्याच्या आहारी जात नाही, असा त्याचा निवाडा. निवाडा चुकीचा नाही. पण मला तो नेहमीच थोडा कोरडा वाटत आला आहे, कारण आपल्याकडील साहित्यशास्त्राने हाच प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळला आहे. चंद्र, मेघ, उपवन, मलयानिल यांना आपल्या आलंकारिकांनी उद्दीपन विभाव म्हटले. म्हणजे अंतःकरणातला भाव प्रज्वलित करणारी सामग्री. त्या सामग्रीने भावाच्या रंगाचे व्हावे असा दंडक कोणी घातला नाही. संयोगात जो चंद्र शीतल, तोच विरहात दाहक. ज्ञानदेवांच्या विरहिणीला चांदणे आणि चंदन दोन्ही नकोसे होतात ते याच न्यायाने. चंद्र काही बदललेला नसतो.

याचा सर्वांत भव्य दाखला मला किष्किंधाकांडात दिसतो. कांडाच्या आरंभी राम पंपासरोवराच्या काठी येतो तेव्हा ऋतू वसंत आहे. वृक्ष बहरले आहेत, मयूर मयूरीपुढे नाचतो आहे, आणि सृष्टीत दुःखाचे चिन्हही नाही म्हणूनच रामाचे दुःख अनावर होते. शेजारी उभा असलेला लक्ष्मण तोच वसंत पाहतो आहे आणि ज्येष्ठ बंधूला धीर देतो आहे. पुढे वालीवध होतो, सुग्रीवाला राज्य मिळते, आणि पावसाळा सुरू होतो. आता हा पाऊस रामाच्या अश्रूंचा प्रतिध्वनी आहे काय? असेलही; पण त्याआधी तो एक व्यावहारिक अडथळा आहे. मार्ग बंद, नद्या दुथडी, मोहीम चार महिने तहकूब; राम प्रस्रवण पर्वतावरच्या गुहेत वाट पाहत बसलेला आणि सुग्रीव अंतःपुरात मश्गुल. मग शरद उगवतो, आकाश निवळते, पाणी स्वच्छ होते. आणि कथेतला सर्वांत तप्त क्षण नेमका त्या निर्मळ आकाशाखाली येतो, कारण मुदत संपली आणि सुग्रीव आला नाही! तुझ्या माझ्यासारख्याने त्या क्रोधासाठी विजा मागवल्या असत्या. वाल्मीकीने चांदणे ठेवले.

कालिदासाविषयी तू उद्या मला हटकशील की मेघदूतात तर मेघाला सजीवच केले आहे. केले आहे खरे. परंतु धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा हा समुच्चय निरोप कसा नेणार, ही शंका स्वतः कवीनेच आरंभी काढली आहे, आणि कामार्त मनुष्याला चेतन-अचेतनाचा विवेक उरत नाही असे तिचे उत्तरही तिथेच दिले आहे. आलंकारिक भामहाने मेघ, वारा, चंद्र यांना दूत करणे युक्तीला सोडून आहे असा आक्षेप नोंदवून, उत्कंठेने वेडावलेला मनुष्य तसे बोलत असेल तर बोलो, अशी जी सवलत दिली, तीही या उत्तराशी जुळते. भ्रम यक्षाचा आहे, कवीचा नव्हे. आणि तुझ्या सातव्या प्रकरणात नायिकेला कसलाच भ्रम नाही, तो सगळा लेखकाला झाला आहे.

लिअर राजाचे वादळही असेच पारखून पाहा. म्हातारा त्या वादळाला स्वतःच सांगतो की मी तुम्हांला राज्य दिले नाही, तुम्ही माझ्या मुली नव्हेत, तेव्हा तुम्ही माझे काही लागत नाही. वादळाला त्याच्याविषयी प्रीती नाही की द्वेष नाही. आणि त्याच्या तडाख्यात सापडल्यावरच, अंगावर धड वस्त्र नसलेल्या गरिबांची आठवण त्या राजाला आयुष्यात प्रथम होते. हार्डीच्या 1878 च्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’मध्ये एग्डनचे माळरान नायिका युस्टेशियाला बंदिवास वाटते आणि नायक क्लिमला घर; माळ मात्र तोच.

पण लांब कशाला जावे? तुझ्याच मुलखातली, 1955 साली प्रसिद्ध झालेली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा एकवार हाती घे. औंध संस्थानातला तो कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, रुजतो, वाडीकडून तालीम बांधवून घेतो; आणि मग पाऊस दडी मारतो. तो दुष्काळ कोणाच्या मनाचे रूपक म्हणून आणलेला नाही. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, माणसे एकामागून एक बिऱ्हाड हलवतात, आणि मास्तरच्या काळजात जे रिकामपण शिरते ते वाडी रिकामी झाली म्हणून शिरते. कार्य आणि कारण यांचा हा क्रम लेखकाने कुठेही उलटा होऊ दिलेला नाही, आणि माझ्या मते त्या छोट्या कादंबरीचे बळ अन्य कशाहूनही याच संयमात आहे.

म्हणून माझी सूचना अशी. सातव्या प्रकरणात मार्गशीर्ष मार्गशीर्षासारखाच राहू दे: स्वच्छ थंडी, कोवळे ऊन, कणसे भरत आलेली, यंदा पीक चांगले म्हणून भाऊ खुशीत, भावजय खुशीत, आणि त्या घरात खुशीत नसण्याचा गुन्हा एकटीच्या हातून घडतो आहे. तिला सारे शिवार दिसू नये. एखादीच वस्तू दिसावी. चेखॉव्हने 1886 साली आपल्या भावाला पत्रातून हेच बजावले होते की चांदणी रात्र दाखवायची तर गिरणीच्या बांधावर चमकणारी फुटक्या बाटलीची काच दाखव. आणि पाऊस तुला हवाच असेल, तर त्याला काम दे. शाळू काळा पडू दे, भावाच्या डोक्यावर सावकाराचा तगादा येऊ दे, परत आलेल्या बहिणीचे दोन वेळचे जेवण त्या घरात मोजले जाऊ दे. मग ती रडली तर त्या रडण्याला पावसाचा आधार खरा मिळेल, आणि ‘आभाळही तिच्यासाठी रडत होते’ हे तुझे लाडके वाक्य खोडताना तुला फारसे दुःख होणार नाही. ते वाक्य मी पेन्सिलीने खोडले आहेच. रबर तुझ्यापाशी आहे.

हस्तलिखित सोबत रजिस्टर्ड टपालाने परत पाठवीत आहे. प्रकाशकाची घाई असली तरी हे एक प्रकरण पुन्हा लिहून मला दाखविल्यावाचून छापखान्यात धाडू नकोस. अकराव्या प्रकरणातल्या कोर्टाच्या प्रसंगाविषयी मला शंका आहेत, पण त्या कायद्याच्या आहेत आणि त्यांसाठी वेगळे पत्र लिहीन. ती. ताईस माझा साष्टांग नमस्कार सांगणे. कळावे, लोभ असावा.

तुझा
मामा