चवथीचं तिकीट आणि सोनेरी कार्ड

माझ्या पाकिटात एक सोनेरी कार्ड होतं. 'होतं' म्हणतोय, कारण 2023 च्या ऑक्टोबरात त्याची मुदत संपली आणि मी ती संपू दिली. एका आखाती विमान कंपनीचं, नेहमीच्या प्रवाशांना देतात ते. चेक-इनला वेगळी रांग, थोडं जादा सामान आणि लाउंजमध्ये फुकटचा चहा-नाश्ता. एवढ्यावर माणूस बिघडतो. मी तरी बिघडलो होतो.

ज्यांना या भानगडीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या योजनांत दोन खाती चालतात. एक माइल्सचं. ते पोस्टातल्या बचतखात्यासारखं. साठवा, पुरेसे झाले की तिकीट काढा, स्वतःचं नाहीतर घरच्या कुणाचं. दुसरं दर्जाचं. ते शाळेच्या गुणपत्रिकेसारखं, गेल्या वर्षीचे गुण यंदा उपयोगाचे नाहीत. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये सिल्व्हरला 25,000 टियर माइल्स लागतात, गोल्डला 50,000. कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये गोल्ड मिळवायला 300 क्यूपॉइंट्स, पण टिकवायला 270 पुरतात. जुन्या गिऱ्हाइकाला तेवढी सूट. एअर इंडियाने 2024 मध्ये किती मैल उडालात हे सोडून किती रुपये मोजलेत हे धरायला सुरुवात केली. निदान प्रामाणिक हिशेब!

माइल्सनाही मरण असतंच. स्कायवर्ड्सचे माइल्स तिसऱ्या वर्षी तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेरीस जातात (काय भेट आहे!). कतारने 2022 मध्ये एव्हिओस घेतले. ते 36 महिन्यांत खात्यात काही ना काही हालचाल झाली की जगतात. दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्या आपल्यासारख्याला मला हे दुसरं बरं वाटतं.

दर्जाची किंमत काय, हे खरं तर मला 2019 मध्येच कळायला हवं होतं. 17 एप्रिलच्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. माझ्याकडे त्यांचंही कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी ते दाखवायला काउंटरच उरला नाही. माइल्स मात्र राहिले, कारण जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती, तिचा 50.1 टक्के हिस्सा एतिहादकडे होता. त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं. विमान कंपनी बंद पडली तरी पुंजी शाबूत. दर्जा मात्र एका रात्रीत गेला. तरीही मी धडा घेतला नाही, दुसऱ्या कंपनीच्या कार्डामागे लागलो.

असो. 2023 च्या जुलैत माझा हिशेब असा होता. गोल्ड टिकवायला एक लंडनची फेरी कमी पडत होती. मुलगी तिथेच असते, म्हणून ऑक्टोबरात पैसे मोजून तिकीट काढायचं, तिला भेटायचं, आणि साठलेले माइल्स घालून परतताना बिझनेस क्लासमध्ये पाय पसरून झोपायचं. वहीत आकडे मांडून झाले होते.

तेव्हा आईला 86 वर्षं होती. माटोळीची आठवण निघाली की ती नातीचं नाव काढायची. नात चार चवथी आली नव्हती. एका रात्री मला म्हणाली, "औंदू येतली मरे ती?" मी म्हटलं, बघू. सप्टेंबरचं तिकीट बघितलं तर भाव भलताच. मग सहज माइल्सवर शोधलं आणि मुंबईपर्यंत जाता-येताची सीट मोकळी! नाताळात अशी सीट औषधालाही मिळत नाही. पण त्यांच्या पंचांगात नाताळ असतो, ईद असते, चवथ नसते.

अडचण एवढीच, की माझ्या योजनेत माइल्सच्या तिकिटावर दर्जाचे गुण मिळत नाहीत, आणि मुलगी घरी येऊन गेल्यावर महिन्याभरात मी लंडनला धावायचं ते निव्वळ कार्डासाठी. बायको म्हणाली, "मग धावू नका." तिला हे गणित दोन सेकंदांत सुटलं. मला आठवडा लागला, हे कबूल करतो. तेवढ्यात सीट गेली असती तर मी आईला काय सांगणार होतो?

फुकट तिकीट फुकट नसतंच. लंडनहून भारताकडे निघणाऱ्या प्रवाशावर ब्रिटिश सरकारचा करच तेव्हा 87 पौंड होता, वर विमान कंपनीचे अधिभार. माइल्स जातात, कार्डावर पैसेही जातात. तरी नेहमीच्या भावापेक्षा निम्म्याहून कमीत भागलं.

19 सप्टेंबरला चवथ होती. मुलगी दोन दिवस आधी मुंबईला उतरली आणि मांडवी एक्स्प्रेसने करमळीला आली. आजीने तिला आल्या आल्या नेवऱ्यांची मुरड घालायला बसवलं आणि तिची पहिली नेवरी चक्क उसवून परत करायला लावली.

मुलगी परत गेली. ऑक्टोबरअखेर कंपनीचा मेल आला की तुमचा दर्जा बदलला आहे. 'उतरला' म्हणायचीही त्यांना लाज. पुढल्या वेळी लंडनला गेलो तो साध्या रांगेतून. बॅग तीन किलो जास्त भरली. सगळ्यांच्या देखत उघडून सोलांची पुडी आणि आईने दिलेला डबा खांद्यावरच्या पिशवीत कोंबला.