लॉन वाळू दे, बकुळ नको

विश्रांतवाडी, पुणे
वैशाख, शनिवार

ती. अक्कास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "पुण्याला कसला आलाय उन्हाळा आणि कसली आलीय टंचाई!" लातूरच्या माणसाला हे म्हणायचा हक्क आहे. २०१६च्या मार्चमध्ये तुमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मांजरा धरणात काही उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लीटर. त्या दिवसांत तुझ्या घरी पाणी कसं वापरलं जायचं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, ते पाणी निवळलं की त्यात फडकी धुवायची आणि शेवटचं गढूळ पाणी संडासात. दारातल्या कडुनिंबाला त्यातलंही तू तांब्याभर राखून ठेवायचीस. दाजी रागवायचे, तरी ठेवायचीस.

म्हणूनच हे तुला लिहितेय. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. तिथे मला जे बोलायचं आहे ते आधी तुझ्यापुढे मांडून बघते.

झालंय असं की आमचं बोअर आटलं. नळाचं पाणी येतं, पण दाब इतका कमी की खालची टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. टँकरवर टँकर मागवावे लागतात आणि मेंटेनन्स वाढत चालला आहे. मग कमिटीने नोटीस लावली. फ्लॅटला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच पाणी. गाड्या धुणं बंद. बागेचं पाणी पूर्ण बंद. पहिल्या दोन गोष्टी अगदी रास्त आहेत, त्या दोन महिने आधीच व्हायला हव्या होत्या. तिसरीवर माझं अडलं आहे. "बाग" म्हणताना त्यांनी लॉन आणि झाडं एकाच दावणीला बांधली.

लॉनला या उन्हात रोज चौरस मीटरला चार-पाच लीटर पाणी लागतं. आमच्या क्लब हाउसपुढचा हिरवा तुकडा साधारण दोनशे चौरस मीटरचा. म्हणजे रोजचं आठशे ते हजार लीटर, तेही गवतावर कोणी पाय ठेवू नये म्हणून पाटी लावलेल्या जागेसाठी. कडेने गेल्या पावसाळ्यात आणि त्याच्या आदल्या वर्षी लावलेली तीसेक रोपं आहेत, करंज, बहावा, बकुळ, कडुनिंब. त्यांना आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लीटर मिळालं तरी ती तग धरतील. म्हणजे सगळ्या झाडांचं आठवड्याचं पाणी नऊशे लीटर, लॉनच्या एका दिवसाएवढं. पाणी वाचवायचं तर काय बंद करायचं, हे यावरून दिसायला हवं. शिवाय गवत वाळलं तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. तीन वर्षं वाढवलेलं रोप मे महिन्यात मेलं की तीन वर्षं गेली.

२०१६ला पुण्यातही दिवसाआड पाणी होतं, तुला कदाचित आठवत नसेल, कारण तुमच्यापुढे आमचं काय घेऊन बसणार! त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. पुण्याजवळचं गहुंजेचं मैदानही त्यात आलं. मैदानांवर पाणी ओतायचं आणि मराठवाड्यात माणसं हंडे घेऊन रांगेत, हे चालणार नाही, असा तो वाद होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की टंचाईच्या दिवसांत पाण्याचा हिशेब असाच झाला पाहिजे. कुठलं पाणी डोळ्यांसाठी आणि कुठलं जिवासाठी, हे आधी वेगळं करायचं.

झाडाचं पाणी मी जिवाचं का म्हणते, तर आमचा वॉचमन. परभणीकडचा आहे, दिवसाची बारा तासांची ड्यूटी. त्याची केबिन पत्र्याची. दुपारी दोनला मी ताक घेऊन गेले तेव्हा आतल्या पत्र्याला हात टेकवता येत नव्हता. तो खुर्ची उचलून करंजाखाली बसला होता. करंजाचं एक बरं आहे, पानगळ झाली की ऐन चैत्रात त्याला नवी तुकतुकीत पालवी येते आणि वैशाखात दाट सावली मिळते. पण हा एकच करंज मोठा आहे. बाकीचे कमरेएवढे. भाजीवाली, कुरिअरवाली पोरं, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका, सगळे त्या एका झाडाच्या सावलीला येतात. आमच्यासारख्यांच्या घरात पंखा आहे, कुलर आहे, कोणाकडे एसी आहे. खाली राबणाऱ्यांना फक्त झाड आहे. "बागेचं पाणी बंद" या ओळीत त्यांचं काय बंद होतंय, हे नोटीस लिहिणाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. माणसं वाईट नाहीत गं, पण सगळे रात्री घरी येतात. दुपारची सोसायटी त्यांनी पाहिलेलीच नाही.

आणि आता तू म्हणालीस त्या पुण्याच्या उन्हाळ्याबद्दल. पुण्यात पूर्वी उन्हाळाच नव्हता असं जे म्हणतात ते खरं नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेची ३० एप्रिल १८९७ची नोंद ४३.३ अंशांची आहे. फरक रात्रीत पडला आहे. दिवसभर तापलेलं सिमेंट, डांबर आणि पत्रे रात्रभर ती धग सोडत राहतात. आम्ही इथे आलो तेव्हा रात्री दहानंतर गच्चीवर गार वारा यायचा. आता अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवली तर ती गरम लागते. आमचा पूर्वेचा पट्टा, म्हणजे धानोरी, लोहगाव, वडगावशेरी, शिवाजीनगरपेक्षा जास्त तापतो, हे रोजच्या पेपरातल्या आकड्यांतसुद्धा दिसतं. उघडा माळ होता, त्यावर भराभर इमारती उठल्या आणि झाडं मागे राहिली. लष्कराच्या हद्दीच्या भिंतीलगत सकाळी फिरायला गेलं की हवा लगेच हलकी लागते, कारण भिंतीपलीकडे झाडी अजून टिकून आहे. चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मीटिंगमध्ये नक्की सांगणार. झाड नुसती सावली देत नाही. ते मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडतं, त्याने भोवतालची हवा निवते. पाणी तुटलं की झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं. झाड उभं दिसतं, पण गारवा द्यायचं काम त्याने थांबवलेलं असतं. म्हणजे ज्या आठवड्यात ते सर्वांत जास्त लागतं, त्याच आठवड्यात आपण त्याला बंद पाडतो. मोठ्या वड-पिंपळांना माणसाला पाणी घालावं लागत नाही, त्यांची मुळं खोल गेलेली असतात. पहिले तीन उन्हाळे मात्र आपल्यालाच काढून द्यावे लागतात.

आता म्हणशील, पाणी आणायचं कुठून? टँकरचा एक थेंबसुद्धा मी मागत नाही. टँकर कुठल्या तरी गावाच्या विहिरीतून, बोअरमधून भरूनच येतो ना. आणि नळाच्या पाण्याचंही तेच. २०२१च्या सुरुवातीपासून आमच्या या भागाला भामा आसखेडचं पाणी मिळू लागलं. त्याआधी आम्ही खडकवासल्याच्या पाण्यावर, पुरवठ्याच्या पार शेपटाला. भामा आसखेड धरण खेड तालुक्यात भामा नदीवर आहे. त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत होते, जलवाहिनीचं काम त्यामुळे कितीदा तरी थांबलं. खडकवासल्याचा कालवाही पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला जातो आणि दर उन्हाळ्यात शहर विरुद्ध शेती हे भांडण उभं राहतंच. तेव्हा आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यावर कोणाचा तरी आधीचा हक्क होता, हे विसरून मला बोलता येणार नाही. ते पाणी एकदाच वापरून गटारात सोडणं हाच खरा अपव्यय आहे. घराघरातून रोज जे वाहून जातं त्यातच आमच्या रोपांचं भागेल.

हे मी आमच्या मजल्यावर करून बघितलं आहे. मशीनचं पहिलं पाणी साबणाचं, ते संडासाला. शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरून खाली झाडांना. डाळ-तांदळाचं धुवण कुंड्यांना, त्यावर तुळस आणि कढीपत्ता खूश आहेत. पाण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही. आधीच टँकरचं पाणी जड, त्यातले क्षार या पाण्यात आणखी दाट होतात आणि कुंडीच्या कडेला पांढरे पोपडे धरतात. त्याने मी फरशी पुसते. शेजारच्या दोन्ही घरांनीही बादल्या ठेवायला सुरुवात केली आहे. एका मजल्याचं पाणी चार-पाच झाडांना पुरतं. आठ मजले आहेत.

दुसरं, पालापाचोळा. आमच्याकडे झाडलोट झाली की पानं पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत जातात. माळीकाकांना सांगून मी एका बकुळीच्या आळ्यात ती चार बोटं जाड पसरली. शेजारचं आळं तसंच उघडं ठेवलं. परवा दुपारी तीनला दोन्हीकडे बोटं खुपसून बघितली. उघड्या आळ्यात माती भेगाळलेली, वरचा थर चटका बसेल असा, आणि दोन पेरं खालीसुद्धा भुगाच. पाचोळ्याखाली हात घातला तर माती गार, काळी, बोटांना चिकटणारी, आणि त्यात चक्क एक गांडूळ. दोन्ही झाडांना पाणी एकाच दिवशी, तेवढंच घातलेलं. माळीकाका म्हणाले, "ताई, हे आम्ही गावाकडं करतोच की. इथं घाण दिसतंय म्हणून झाडायला लावतात." मीटिंगच्या दिवशी सगळ्यांना खाली नेऊन ती दोन आळी दाखवायची, असं मी ठरवलं आहे. माझ्या भाषणापेक्षा ती माती जास्त समजावेल.

तिसरी गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. मडकं पुरायचं. आपल्या आबांनी आंब्याच्या कलमाशेजारी पुरलं होतं ते मला आठवतं, गळ्यापर्यंत मातीत आणि वर चपटा दगड. भाजलेल्या मातीतून पाणी आपोआप झिरपतं, भोवतालची माती कोरडी असेल तेवढंच ओढून घेते, ऊन-वाऱ्याने उडून जात नाही. पण आबा मडकं रोपापासून किती अंतरावर पुरायचे? आणि जुनं वापरातलं मडकं चालतं की त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात? इथे आळंदी रोडला माठ विकायला बसतात, पण बरेचसे रंग दिलेले. तुझ्याकडच्या कुंभाराला विचारून कळव. तीस मडकी एकदम घ्यायची तर पैसे मी आणि दोन-तीन जणी घालणार आहोत, कमिटीकडे मागणार नाही.

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून दिघी, कळस करत आमच्याच रस्त्याने पुण्यात येते. पाऊस लांबला की वारकरी रणरणत्या उन्हात चालतात. म्हातारी माणसं सावली दिसेल तिथे टेकतात. त्यांना टेकायला आमच्या कुंपणालगत चार झाडं तरी असावीत, एवढं मला फार मनापासून वाटतं.

उन्हावरून आठवलं, दाजींना सांग, दुपारी बारा ते चार शेताकडे जायचं नाही. घाम यायचा थांबला, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर साध्या तापासारखं घरात निजवून ठेवू नका. आधी सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. एरवी शेतातून आल्यावर लीटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून, ते घोट घोट द्यायचं. पन्हं, आंबील तर तुझ्या घरी असेलच.

मीटिंगमध्ये दोनच ठराव मागणार आहे. पावसाळा लागेपर्यंत लॉनला थेंबभरही पाणी नाही. आणि रोपांना वापरलेलं पाणी घालायची परवानगी, पाचोळा न उचलण्याच्या अटीसह. लॉनच्या जागी पावसाळ्यात करंज लावायचे, हे या वेळी बोलणार नाही, पुढच्या मीटिंगला. विरोध होईल तो बहुतेक पाचोळ्याला. तुला यात काही कच्चं वाटत असेल तर रविवारच्या आत कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. पुण्याला येशील तेव्हा वाळा आण, इथे मिळतो त्याला वास नसतो. आणि मडक्याचं अंतर विसरू नकोस.