भिंतीवर गेलेली पिवळी

आधी उच्चार दुरुस्त करून घेऊ. 'काउंटॅच' नाही, 'कुन्ताश'. लॅम्बोर्गिनी कुन्ताश. आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी पहिली भेट झाली ती ट्रम्प कार्ड्समध्ये, नाहीतर कुणाच्या तरी दादाच्या खोलीतल्या पोस्टरवर. लालभडक रंग, मागे भलामोठा पंख, दारं थेट आकाशाकडे उघडलेली. इटली नकाशात कुठे आहे हे विचारलं असतं तर ततपप झालं असतं, पण हे कार्ड हातात आलं की डाव आपलाच, एवढं पक्कं ठाऊक होतं.

पण मला आज त्या लाल गाडीबद्दल बोलायचंच नाहीये. तिच्या आधी एक पिवळी होती. जगात एकच. ती जेमतेम तीन वर्षं जगली. १९७१ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये तिने लोकांना येडं केलं आणि १९७४ साली तिला इंग्लंडला नेऊन भिंतीवर आपटलं. अपघात नव्हे हं. मुद्दाम, ठरवून, कागदपत्रांवर सह्या करून. उरलं ते भंगारात गेलं.

या पिवळीबद्दल मला जरा जास्तच माया आहे, कारण मीही पोटासाठी गाड्या आपटते. हिंजवडीत एसीमध्ये बसून, कॉम्प्युटरवर. गाडीच्या पत्र्याचे लाखो बारीक तुकडे करायचे, प्रत्येकाला त्याची जाडी आणि ताकद सांगायची, रात्री सर्व्हरवर सोडून घरी जायचं. सकाळी चहाचा कप घेऊन बसलं की स्क्रीनवर गाडी ६४ किलोमीटरच्या वेगाने अडथळ्यावर जाते आणि चुरगळते. सगळा खेळ एका सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागात खलास. 'मुलगी काय करते?' असं कुणी विचारलं की आई सांगते, 'इंजिनीअर आहे.' पुढे काय सांगावं हे तिला अजून कळलेलं नाही.

पटकी आली मेल्याला!

तर पिवळीची जन्मकथा. साठच्या दशकाच्या शेवटी लॅम्बोर्गिनीकडे मिउरा होती. देखणी म्हणजे किती देखणी! पण तिचं बारा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं बसवलेलं. वजन मागे, गिअरचा दांडा एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे, आणि वेग वाढला की नाक हलकं व्हायचं. मिउराची वारसदार काढायचं काम आलं पाओलो स्टान्झानी या इंजिनीअरकडे. त्याने काय करावं? इंजिन उभं केलं आणि चक्क उलटं फिरवून बसवलं.

म्हणजे कसं, तर नेहमी इंजिनच्या मागे असणारा गिअरबॉक्स पुढे आला, दोन सीटच्या मधोमध. ताकद इंजिनमधून आधी पुढे गिअरबॉक्सकडे जाते, तिथून वळसा घेते आणि एका लांब शाफ्टवरून, इंजिनच्या तळाशी तेल साठवायच्या भांड्यातूनच, मागच्या चाकांकडे परतते. द्राविडी प्राणायाम वाटतो ना? पण फायदा बघा. वजन गाडीच्या मध्याकडे सरकलं आणि गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवरच आला. तोटाही होता. खालून शाफ्ट जाणार म्हणून इंजिन थोडं वर उचलावं लागलं. इंजिनीअरिंगमध्ये फुकट काहीच मिळत नाही, सोसायटीच्या पार्किंगसारखंच.

गाडीचं अंग रेखाटलं ते तुरिनच्या बर्तोने स्टुडिओतल्या मार्चेल्लो गांदिनीने. मिउराही त्याचीच. पण मिउरा सगळी वळणावळणांची, आणि ही म्हणजे पट्टीने आखलेली. नाकापासून छतापर्यंत जवळजवळ एकच सरळ रेष. वर उघडणारी दारं त्याने १९६८ च्या काराबो या गाडीत करून पाहिली होती, ती इथे आणली. ती नुसती स्टाइल नव्हती. गाडी रुंद, शेजारी जागा कमी, आणि मागचं तर काही म्हणजे काही दिसायचं नाही. दार वर असलं की ड्रायव्हर उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून रिव्हर्स घेऊ शकतो. (लक्ष्मी रोडवर कल्पना करून बघा.)

नावाची गोष्ट गांदिनीनेच नंतर सांगितली आहे. शोसाठीच्या गाड्यांवर रात्री-बेरात्री काम चालायचं. कुलपं बनवणारा एक उंचापुरा कारागीर होता, तो फक्त पिएमाँते भागाची बोली बोलायचा आणि सारखा 'कुन्ताश!' म्हणायचा. शब्दाचा मूळ अर्थ साथीचा रोग. वापर मात्र 'आयला, काय भारी!' असा. आपल्याकडे जुन्या आज्या 'पटकी आली मेल्याला' म्हणायच्या, तर पटकी म्हणजे कॉलराच की! रोगाचं नाव तोंडात आणि डोळ्यांत कौतुक, हे जमायला आजीच हवी असं मला वाटायचं. तुरिनच्या कारागिरांनाही जमत होतं तर.

डेमोला सगळं चालतं

११ मार्च १९७१. जिनिव्हाचा शो. लॅम्बोर्गिनीच्या स्वतःच्या स्टॉलवर मिउराची नवी आवृत्ती, आणि बर्तोनेच्या स्टॉलवर ही पिवळी, एलपी ५००. एलपी म्हणजे इंजिन उभं आणि मागे, ५०० म्हणजे पाच लिटर. आत काटेवाल्या डायलऐवजी इलेक्ट्रॉनिक आकडे. काही बिघडलं तर कुठे बिघडलं हे गाडी दिवे लावून सांगणार. १९७१ साली! विमानातून उतरवून आणल्यासारखं सगळं. लोकांनी विचारलं, विकत कधी मिळणार?

आता ज्यांनी ज्यांनी क्लायंटला डेमो दाखवलाय त्यांना पुढची स्टोरी माहीत आहे. डेमोला सगळं चालतं. खरी कथा सुरू होते ती 'छान आहे, आता बनवा' या वाक्यानंतर.

पिवळी आली बॉब वॉलेसच्या हातात. हा न्यूझीलंडचा, लॅम्बोर्गिनीचा टेस्ट ड्रायव्हर. त्याने तिला शोच्या कार्पेटवरून उचललं आणि इटलीच्या रस्त्यांवर पिदडली. इंजिन तापायला लागलं, कारण गांदिनीने ठेवलेल्या माशाच्या कल्ल्यांसारख्या नाजूक फटींतून पुरेशी हवा आत जातच नव्हती. मग त्या देखण्या पत्र्याला भोकं पडली. दोन्ही कुशींत विमानांवर असतात तसे खोलगट हवेचे मार्ग कोरले गेले, खांद्यांवर हवा ओढणारे खोके आले. पाच लिटरचं इंजिन चाचण्यांत टिकलं नाही, म्हणून विक्रीच्या गाडीत जवळपास चार लिटरचं, ३९२९ सीसीचं आलं. पत्र्याच्या चौकटीच्या जागी नळ्यांचा पिंजरा आला. ते इलेक्ट्रॉनिक डायल? गुपचूप गायब. त्याजागी साधे काट्यांचे. आपल्या भाषेत 'फेज टू मध्ये बघू'.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पुढे पोस्टरवर आपण ज्यांच्यावर फिदा झालो ते खांद्यावरचे खोके, त्या कुशीतल्या खाचा, गांदिनीच्या पहिल्या गाडीत नव्हत्याच. पिवळी तापली म्हणून त्या आल्या. आणि १९७१ च्या त्या मार्च महिन्यात गांदिनी, स्टान्झानी आणि वॉलेस, तिघंही पस्तिशीच्या आतले होते. आपल्या वयाचे!

शेवटचं काम उरलं होतं. गाडी विकायची तर सुरक्षेची परीक्षा द्यायला हवी आणि त्यासाठी एक गाडी भिंतीवर घालायला हवी. कंपनीचे दिवस चांगले नव्हते. फेरुच्चो लॅम्बोर्गिनीने १९७२ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा विकला होता आणि १९७४ मध्ये तो पूर्ण बाहेर पडला. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचा बाजारच बसवला. अशा वेळी आपटायला कुठली गाडी निवडली असेल? जी सगळं शिकवून मोकळी झाली होती ती. पिवळी इंग्लंडला गेली आणि परत आली नाही.

तिच्या जिवावर कुन्ताश १९९० पर्यंत बनत राहिली. मध्ये १९७८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, मालक बदलले, तरी ही गाडी बनतच होती. एकूण १९९९ गाड्या. कंपनीच्या नावाला जग ओळखत राहिलं ते बऱ्याच अंशी हिच्यामुळे.

'मग वर्षभर आपण केलं काय?'

हे सगळं आत्ता का सांगतेय? कारण गेल्या वर्षी आमचा प्रोजेक्ट बंद झाला. एका परदेशी कंपनीची छोटी गाडी होती. नाव सांगत नाही. चौदा महिने आम्ही सहा जण त्या गाडीच्या पुढच्या भागावर बसलो होतो. गणपतीत बसलो, दिवाळीच्या आदल्या रात्री बसलो. मग एका मंगळवारी पंधरा मिनिटांचा कॉल. बाजार बदललाय, गाडी येणार नाही, आभारी आहोत. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. कॉल म्यूट होता.

टीममधली सगळ्यांत ज्युनिअर पोरगी, पहिलीच नोकरी, कँटीनमध्ये पोह्यांची बशी पुढे ठेवून मला म्हणाली, 'ताई, मग वर्षभर आपण केलं काय?'

पिवळीला निदान भिंत तरी मिळाली. आमच्या गाडीच्या नशिबी तीही नव्हती. तिचा पत्रा कधी वाकलाच नाही, कारण पत्रा असा कधी झालाच नाही. त्याच आठवड्यात मला एका बँकेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीची ऑफर होती. पगार दीडपट. घरचे म्हणाले, 'घे की! गाड्या काय, आपटायलाच करता तुम्ही.' खोटं काय होतं त्यात?

त्या दिवसांत मी रात्री जागून पिवळीबद्दल मिळेल ते वाचत होते, आणि वाचता वाचता तिच्या दुसऱ्या जन्माशी येऊन थांबले. एका धनाढ्य संग्राहकाला ती परत हवी होती. त्याने लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या विभागालाच काम दिलं. जुने फोटो, रेखाटनं, कागद धुंडाळून, २५ हजारांपेक्षा जास्त तास खर्चून त्यांनी हुबेहूब एलपी ५०० उभी केली. तोच पिवळा शोधला. पिरेलीने आपल्या दप्तरातून जुन्या टायरची नक्षी काढून तसेच टायर बनवून दिले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोमो सरोवराकाठी व्हिला देस्तेला ती लोकांसमोर आली. फोटो बघा, अंगावर काटा येतो.

पण मला त्या फोटोत काहीतरी खटकत राहिलं. ते कळायला दोन दिवस लागले. नव्या पिवळीला भोकं नाहीत! ती जिनिव्हाच्या पहिल्या दिवसाची गाडी आहे. नाजूक कल्ले, कोरा पत्रा, इलेक्ट्रॉनिक आकडे. वॉलेस २०१३ मध्ये गेला, स्टान्झानी २०१७ मध्ये. त्या दोघांनी तिच्याकडून जे काढून घेतलं होतं, ते या गाडीच्या अंगावर कुठेच नाही. ते बाकीच्या १९९९ गाड्यांच्या अंगावर आहे. पैसे मोजून पहिला दिवस परत आणता येतो. पुढची तीन वर्षं परत आणायची तर गाडी पुन्हा तापवावी लागेल, आणि एवढी महाग गाडी कोण तापवणार?

हे काही मी पोरीला भाषण म्हणून दिलं नाही. तिला म्हटलं, चल, लिहून काढू. मग आम्ही दोघींनी तीन दिवस बसून यादी केली. काय करून पाहिलं, काय फसलं, कुठल्या जोडाला किती जाडी दिली की तो फाटायचा थांबला, कुठल्या चुरगळणीवर आमचा कॉम्प्युटर खोटं बोलला. एकेचाळीस मुद्दे झाले. अगदी बावीस क्रमांकाच्या मुद्द्याला ती पहिल्यांदा हसली, कारण त्या जोडाने आमची कोजागिरी खाल्ली होती.

ऑफर मी घेतली नाही. फार मोठा त्याग वगैरे समजू नका, ईएमआय मोजताना अजून पोटात कालवतं, आणि ज्या मित्राने अशीच ऑफर घेतली तो माझ्यापेक्षा लवकर घरी पोहोचतो. पण आता नवा प्रोजेक्ट आलाय, दुसऱ्या कंपनीचा. क्लायंटचं गुपित क्लायंटपाशीच, त्यामुळे आकडे आणि ड्रॉइंग तिथेच राहिली. पण हात आमचे आहेत ना! परवा पोरगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, 'ताई, हा जोड फाटणार.' रन सोडायच्या आधीच. सकाळी बघितलं, तर फाटला होता.

तुमच्याही लॅपटॉपमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' नावाच्या फाइली असतील. बंद पडलेलं अॅप, नाकारलेली कॅम्पेन, कुणी न वाचलेला रिपोर्ट. या वीकेंडला एक उघडा. डिलीट करायची तर खुशाल करा. फक्त त्याआधी एका कागदावर लिहा, ती कुठे कुठे तापली होती.