भाड्याच्या घरातला संसार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. जनावर पारखून त्याचे मोल ठरवण्याची जी रीत अशा गावांत मुरलेली असते, तिचेच कागदोपत्री रूप पशुविम्यात आढळते: पशुवैद्यक गायीची तपासणी करून तिची किंमत प्रमाणित करतो, तिच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारला जातो, आणि पुढे ती दगावल्यास त्या बिल्ल्यावाचून दावा उभा राहत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाच्या कपाटाची, शिलाई मशीनची, फ्रीजची वा मुलांच्या पुस्तकांची अशी मोजदाद मात्र क्वचितच होते, आणि ज्याचे मोल कधी मांडलेच गेले नाही त्याचे नुकसान झाल्यावर ते सिद्ध करणे दुरापास्त होऊन बसते.

घरमालकाने विमा उतरवला आहे म्हणजे आपणही सुरक्षित आहोत, ही भाडेकरूंमध्ये आढळणारी समजूत चुकीची आहे. विम्याच्या मुळाशी विमाहित हे तत्त्व असते. म्हणजे ज्या वस्तूच्या नाशाने ज्याची आर्थिक हानी होते, त्यालाच तिचा विमा उतरवता येतो. त्यामुळे भिंती आणि छप्पर मालकाच्या पॉलिसीत येतात, पण आतील भाडेकरूचे सामान तिच्याबाहेर राहते. विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या आदेशानुसार 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत केवळ घरातील सामानाचा विमाही उतरवता येतो, आणि आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांसारख्या संकटांपासून त्याला संरक्षण मिळते. इमारतीचा विमा घेणाऱ्या मालकाला त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपयांच्या मर्यादेत, सामानाचे संरक्षण आपोआप लाभते. भाडेकरूला मात्र आपल्या सामानाची किंमत स्वतःच सांगावी लागते, आणि म्हणून वस्तूंची यादी, पावत्या व छायाचित्रे जपण्याला त्याच्या बाबतीत विशेष महत्त्व येते.

या पॉलिसीची एक मर्यादा ग्रामीण वाचकाने नीट ध्यानात घ्यावी. तिच्या मूळ स्वरूपात चोरीची भरपाई मिळते ती आग वा पुरासारख्या घटनेमुळे घर उघडे पडून सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, तसेच दागिन्यांसाठीही किंमत आधी ठरवून स्वतंत्र कलम जोडावे लागते.

शासकीय मदत हा विम्याला पर्याय ठरू शकत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळातील निकषांनुसार घर वाहून गेल्यास, पूर्णतः पडल्यास किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिल्यास कपड्यांसाठी 2,500 आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी 2,500 रुपये प्रतिकुटुंब मिळतात. ही तातडीची मदत असते, उभारलेल्या संसाराची भरपाई नव्हे.

भाडेकरूंहूनही बिकट स्थिती साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामापुरते येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची आहे. त्यांचा सारा संसार कोपीत, म्हणजे बांबू, पाचट वा ताडपत्रीच्या झोपडीत असतो, जिथे एक ठिणगीही पुरेशी ठरते. आणि विम्याच्या परिभाषेत अशा निवाऱ्याची गणना कच्च्या बांधकामात होते. दर हंगामाला ज्यांचा मुक्काम बदलतो, त्यांच्यासाठी घराच्या पत्त्याऐवजी कुटुंबाच्या नावाशी बांधलेली पॉलिसी आखावी लागेल.