गोल कुणी मारला ते नंतर, आधी त्याचा पगार सांगा!

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलचं, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं, मला वेड लागलंय. आणि तेही तिथल्या पगारांमुळे! अहो, अर्धा सामना तर हिशेबाच्या वहीतच खेळला जातो!

नियम सरळ आहे. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. मालक कितीही गब्बर असो. या एका नियमावरून मालक आणि खेळाडू भांडले आणि २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला! पहिली मर्यादा होती ३.९ कोटी डॉलर, २०२५-२६ मध्ये ती ९.५५ कोटींवर गेली. आयपीएलच्या लिलावातली 'पर्स' आपल्याला ठाऊक आहे. पण एनएचएलमधले करार सात-सात, आठ-आठ वर्षांचे. आज मोह झाला की पुढे कितीतरी हंगाम निस्तरत बसायचं.

टोरंटोचंच बघा. २०१९-२० चा हंगाम. जॉन टवारेस १.१० कोटी, ऑस्टन मॅथ्यूज १.१६, मिच मार्नर १.०९, विल्यम नीलँडर ०.७०. करा बेरीज. ४.०५ कोटी! आणि मर्यादा ८.१५. चौघांतच निम्मी तिजोरी रिकामी. उरलेल्या निम्म्यात बचावफळी, गोलरक्षक, राखीव, सगळे बसवायचे. मर्यादा वाढली असती तर भार हलका झाला असता, पण कोविड आला आणि ती तीन हंगाम जागची हलली नाही. या चौकडीला प्लेऑफची पहिली फेरी जिंकायला २०२३ उजाडलं!

आणि टॅम्पा बेचा संघ? दीर्घकाळ जायबंदी खेळाडूच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडायची मुभा होती आणि प्लेऑफमध्ये तर मर्यादाच नव्हती. ९५ लाखांचा निकिता कुचेरोव्ह खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ च्या अख्ख्या साखळीला मुकला, थेट प्लेऑफला उतरला, सर्वाधिक गुण कमावले आणि संघाने विजेतेपदाचा स्टॅनले कप उचलला! सगळं नियमात बसवून! २०२५-२६ पासून मात्र ही पळवाट बुजवली.

पण मी खरा फिदा झालो तो सिडनी क्रॉस्बीवर. जन्म ७ ऑगस्ट १९८७, जर्सी ८७ नंबरची आणि पगार ८७ लाख डॉलर! २००८-०९ पासून करार बदलले, मर्यादा फुगत गेली, याचा आकडा तोच. वर्षागणिक तो संघाला स्वस्त पडत गेला, वाचलेल्या पैशात साथीदार आले आणि पिट्सबर्गने तीन कप जिंकले.

आता ताजी गोष्ट ऐका. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने वर्षाला १.७ कोटींचा विक्रमी करार केला. आठवडाभरातच एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने, जगातला सर्वोत्तम म्हणतात तो हाच, दोन वर्षांसाठी जुन्याच १.२५ कोटींवर सही ठोकली! सलग दोन अंतिम फेऱ्या हरलेल्या या माणसाने आपल्या खिशातून संघाला मोकळीक दिली. न घेतलेल्या पैशांनी कप जिंकायला निघालाय पठ्ठ्या! आता सांगा, या खेळाचा नाद लागणार नाही तर काय होणार?