दोन चांदण्या

मंद्रूपच्या घरी अण्णांच्या आठवणींची फाईल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! वीस वर्षांपूर्वी त्या ज्या फॉन्टात टाईप करून घेतल्या होत्या, तो नव्या संगणकावर नव्हता. आणि आता अण्णाही नव्हते. नशिबाने मूळ वही होती. तीत शाळूच्या राशी होत्या, भीमेचा पूर होता, मध्येच कानडी शब्द होते.

“मामा, आता युनिकोडात लिहा आणि मार्कडाउन शिका,” भाचीने बजावले. जॉन ग्रुबर या अमेरिकन गृहस्थाने २००४ साली काढलेली ही युक्ती. शीर्षकाआधी # आणि मोकळी जागा. ठळक शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चांदण्या. बस्स! उद्या सजावट करणारे यंत्र नसले, तरी मजकूर वाचता येतोच.

साठीनंतरचा विद्यार्थी मी! विहिरींची यादी देवनागरी आकडे घालून केली, तर साऱ्या विहिरी एकाच परिच्छेदात वाहू लागल्या. यादीला आकडे इंग्रजीच लागतात म्हणे! अण्णा असते तर रागावले असते. मी मुकाट्याने बदलले.

पुढच्या पानावर त्यांनी एकाच शब्दाखाली रेघ मारली होती. आईचे नाव. मी त्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन चांदण्या काढल्या.